दामू धोत्रे आणि अंतराचा हिशेब

दामू गंगाराम धोत्रे यांचा जन्म १९०२ साली पुण्यातल्या एका गरीब मराठा कुटुंबात झाला. कसरतपटू, सायकलवरचा खेळाडू, रिंगमास्तर अशा पायऱ्या चढत ते अमेरिकेतल्या 'रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली' या त्या देशातल्या सर्वांत मोठ्या सर्कशीच्या रिंगणात जाऊन पोचले. आंतरराष्ट्रीय सर्कस हॉल ऑफ फेममध्ये त्यांच्या नावाची नोंद आहे. वाघसिंहांशी खेळणारा मर्द गडी, अशीच त्यांची ओळख मराठी वाचकांच्या मनात राहिली. ती खोटी नाही. मात्र तिच्यातून कामाचा काहीच पत्ता लागत नाही. धाडस हा या धंद्याचा तिकीट काढून बघता येणारा भाग. बाकीचे सगळे काम मोजमापाचे आहे: कोणते जनावर कितव्या स्टुलावर आहे, आपल्यापासून किती पावलांवर आहे, आणि त्याच्या मागे जागा उरली आहे की नाही.

धोत्रे ज्या सर्कशीत वाढले ती महाराष्ट्रात रुजून जेमतेम एक पिढी झाली होती. जुझेप्पे कियारिनी यांची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली, तिचा खेळ कुरुंदवाड संस्थानच्या पागेशी संबंध असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनी पाहिला आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी स्वतःची सर्कस उभी केली. छत्रे अश्वविद्येतले जाणकार होते, गाण्याचेही शौकीन होते. रहिमत खाँसाहेबांसारखा गवई त्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडला. पहिली भारतीय सर्कस घोड्यांच्या माणसाने काढली यात नवल नाही. रिंगणाचा ४२ फुटांचा व्यासच मुळी घोड्यासाठी ठरलेला आहे. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टली यांनी दौडत्या घोड्याच्या पाठीवर माणूस उभा राहू शकेल असे वर्तुळ शोधले आणि ते जगभर कायम झाले. पुढे सांगली भागातून सर्कशींची रांगच लागली. म्हैसाळच्या देवलांची सर्कस त्यांतली एक.

माणसे मात्र आयात करावी लागली नाहीत. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब तालमीतालमीत होता. गावाच्या पारासमोर बांबूंची कैची रोवून दोरावर चालणारे डोंबारी होते, उड्यांत तरबेज कोल्हाटी होते. मराठवाड्यात परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या बाजारांत दोरावरचा खेळ पाहिलेली पिढी अजून आहे. सर्कशीने या कौशल्यांना तंबू दिला, वेळापत्रक दिले आणि पगार दिला. डोंबाऱ्याच्या नशिबी मात्र यातले फारसे काही आले नाही, हेही इथेच नोंदवलेले बरे. मालकी घोडे, जागा आणि भांडवल असलेल्यांकडे गेली.

धोत्रे यांचे मामा तुकाराम गणपत शेलार यांची सर्कस होती. दहाएक वर्षांचा असताना दामू तिच्यात गेला आणि काही वर्षे तिच्याबरोबर हिंडला. सर्कशीत नव्या पोराला कोणी थेट पिंजऱ्यात धाडत नाही. आधी अंग तयार करून घेतात. कोलांट्या, हातांवर चालणे, माणसांचे मनोरे, झुला, मग तोल. पडायला शिकणे हा यातला पहिला धडा, आणि तो सर्वांत कंटाळवाणाही. खांद्यावर गडगडत उतरायचे, मनगट आधी टेकवायचे नाही, श्वास कोंडायचा नाही. जाळी खाली असली तरी तिच्यात पाठीवर पडावे लागते. पाय आधी लागले तर जाळी माणसाला उडवून बाहेर फेकते. हा अभ्यास वरवर पाहता जनावरांच्या कामाशी फटकून वाटतो. खरे तर पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. आपले पाऊल न बघता नेमके कुठे पडेल हे ज्याच्या अंगात मुरले आहे, त्याचीच नजर समोरच्या जनावरावरून ढळत नाही.

तरुणपणी धोत्रे यांनी सायकलवरच्या कसरतींत नाव मिळवले. पुढे इसाको यांच्या रशियन सर्कशीबरोबर ते भारताबाहेर पडले. चाकांवरच्या कसरतीचे एक वैशिष्ट्य असे की तिच्यात भीतीची जागा वेगाने घेतलेली असते आणि वेगाचा हिशेब कागदावर मांडता येतो. तारांच्या गोलात उभा फेरा मारणाऱ्या मोटारसायकलचे उदाहरण घ्या. गोलाची आतली त्रिज्या अडीच मीटर धरली तर माथ्यावर चाक सुटू नये म्हणून ताशी सुमारे १८ किलोमीटर वेग पुरतो. ऐकायला हा वेग अगदीच मामुली आहे. अडचण पुढे येते: त्याच गोलात दुसरी गाडी सोडली की वेग थोडाही कमीजास्त करण्याची मुभा संपते, कारण आता प्रत्येकाचा वेग दुसऱ्याच्या जागेशी बांधलेला असतो.

हाच हिशेब परभणीकरांच्या ओळखीच्या रूपातही पाहता येतो. दर फेब्रुवारीच्या आरंभी परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. अशा उरुसांत आणि मराठवाड्याच्या मोठ्या जत्रांत पाळण्यांच्या पलीकडे फळ्यांची एक उंच विहीर उभी राहते: 'मौत का कुआँ'. स्वार आधी तळाशी गोल फिरतो, मग तिरप्या कडेवर चढतो आणि वेग जमला की उभ्या भिंतीवर जातो. त्रिज्या साडेचार मीटर आणि टायरची पकड बरी असेल तर ताशी तीसएक किलोमीटरला गाडी भिंतीवर टिकते. स्वार त्याहून बराच जास्त वेग ठेवतो. शरीराला स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ओझे जाणवते. रक्त पायांकडे ओढले जाते आणि नवख्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून जुने स्वार खाली बघत नाहीत, भिंतीवर पुढे ठरावीक अंतरावर बघतात. काठावरून प्रेक्षकाने पुढे धरलेली नोट हात सोडून उचलतात तेव्हा टाळ्या नोटेला पडतात. कौशल्य मात्र गाडीची रेषा एका फळीनेही न हलण्यात असते. विहिरीचे तंत्र फारसे बदललेले नाही. यामाहाच्या जुन्या गाड्या अजून चालतात, कारण त्या हलक्या आहेत आणि जत्रेतल्या जत्रेत दुरुस्त होतात.

धोत्रे चाकांवरून पिंजऱ्यात आले ते हा रेषेचा आणि अंतराचा अंदाज घेऊनच. १९३९ च्या सुमारास युरोपात त्यांची गाठ आल्फ्रेड कूर या फ्रेंच प्रशिक्षकाशी पडली. कूर स्वतः कसरतपटू होते आणि बऱ्याच उशिरा जनावरांकडे वळले होते. बंदुकीचे बार, खुर्ची पुढे करून आरडाओरडा, असला लढाईचा देखावा त्यांनी टाळला. एकाच पिंजऱ्यात निरनिराळ्या जातींची जनावरे बसवणे ही त्यांची खासियत होती. १९४० मध्ये ते रिंगलिंगमध्ये दाखल झाले तेव्हा तीन रिंगणांत एकाच वेळी तीन पिंजरे चालत: एकात कूर, एकात मे कोव्हार आणि एकात धोत्रे. धोत्रे यांच्याकडे मुख्यतः बिबटे, काळे बिबटे आणि प्यूमा असत.

बिबट्याला या धंद्यात सिंहापेक्षा अवघड मानतात. सिंह कळपात राहतो. त्याला थोरधाकटेपणा कळतो आणि राग आला की तो शेपटीने, आवाजाने सांगतो. बिबट्या एकांडा. तो आधी सांगत नाही, जागा शोधतो. आकाराने लहान, पण चारही पंजे आणि दात एकाच वेळी वापरतो आणि स्टुलावरून सरळ वर झेप घेतो. मिश्र पिंजऱ्यात खरा धोका माणसावरच्या हल्ल्याचा नसून जनावरांच्या आपसांतल्या भांडणाचा असतो. माणूस मध्ये सापडतो.

हे काम कसे चालते याचे सर्वांत स्वच्छ स्पष्टीकरण स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४० च्या दशकात दिले. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असते. माणूस त्याच्या आत आला की जनावर मागे सरते. मागे सरायला जागा उरली नाही आणि माणूस आणखी जवळ आला, की त्याहून लहान असे दुसरे अंतर ओलांडले जाते. मग जनावर पळत नाही, चालून येते. प्रशिक्षक या दोन अंतरांच्या मधल्या पट्ट्यात काम करतो. जनावर चालून येणार त्या वाटेवर तो स्टूल ठेवतो. जनावर स्टुलावर चढते, आणि त्याच क्षणी तो एक पाऊल मागे घेतो. जनावराला हवी असलेली मोकळीक मिळते, ते तिथेच थांबते. प्रेक्षकाला दिसते ते एवढेच की माणसाने हुकूम सोडला आणि वाघ बसला.

यात चाबूक मारायचा नसतो, तो हाताची लांबी वाढवतो. काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा असतो, तोही हाताची लांबी वाढवून बक्षीस पोचवतो. नाव, जागा, मांस: महिनोन्महिने एवढेच. एक जनावर आपल्या स्टुलाला घर मानू लागले की मग दुसरे आत घेतात, नंतर तिसरे. बोगद्यातून येण्याचा क्रमही ठरलेला असतो, आणि क्रम चुकला तर त्या दिवशी तो आयटम रद्द करणे शहाणपणाचे ठरते. कपडे, वास, बॅंडची चाल, दिव्यांची जागा यांतले काही अचानक बदलले तर जनावराच्या दृष्टीने माणूसच बदलला. चांगला रिंगमास्तर म्हणूनच सवयींचा माणूस असतो, थोडा कंटाळवाणासुद्धा. धोत्रे यांचा फेटा अमेरिकन जाहिरातीला उपयोगी पडला असेल. पिंजऱ्यात त्याचे महत्त्व एवढेच की तो रोज तसाच असे.

हे सगळे मोजूनही पूर्ण सुरक्षित होत नाही. मे कोव्हार यांचा १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात सिंहाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आगीच्या दुर्घटना वेगळ्याच. ऑगस्ट १९४२ मध्ये क्लीव्हलँड इथे रिंगलिंगच्या जनावरांच्या तंबूला आग लागून बरीच जनावरे गेली. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्डच्या खेळात मुख्य तंबू पेटला आणि १६० हून अधिक माणसे मेली. पाणी आत येऊ नये म्हणून तंबूच्या कापडाला मेण आणि पेट्रोलचा लेप दिलेला होता. रिंगणातल्या जोखमीवर आयुष्यभर विचार करणाऱ्यांचा घात कापडाने करावा, ही सर्कशीच्या इतिहासातली फार कडू नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या याच काळात धोत्रे काही काळ अमेरिकन लष्करात होते; नंतर ते पुन्हा पिंजऱ्यात परतले.

विक्रम हा शब्द सर्कशीत जरा जपून वापरावा लागतो. पोस्टरवरचे 'जगात प्रथमच' बहुधा छपाईपुरते असते. खरोखर मोजता येण्याजोगे विक्रम झुल्यावर सापडतात: १९२० च्या दशकात आल्फ्रेडो कोदोना यांची तिहेरी कोलांटी गाजली, आणि हवेतली चौथी कोलांटी पुरी करून पकडणाऱ्याच्या हातात येणे खेळादरम्यान प्रथम साधले ते १० जुलै १९८२ रोजी, टूसॉनमध्ये, मिगेल व्हास्केस यांना. पकडणारा त्यांचा भाऊ हुआन होता. मैदानी खेळाडूचा विक्रम एकदा नोंदवला की कायमचा त्याचा. झुल्यावरच्या माणसाला मात्र तोच विक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी आणि रात्री पुन्हा विकायचा असतो. धोत्रे यांच्या कामाला आकडा लावता येत नाही. दिवसाला दोन खेळ, हंगामामागून हंगाम, बिबट्यांचा पिंजरा चालवून उभे बाहेर येणे, हेच त्यांचे माप.

त्यांची मराठी आत्मकथा 'वाघ सिंह माझे सखे सोबती' भानू शिरधनकर यांच्या शब्दांकनातून आली आणि घराघरांत वाचली गेली. अखेरच्या काळात ते पुण्यात होते. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

धोत्रे ज्या दोन दारांनी या धंद्यात आले ती दोन्ही आता कायद्याने बंद आहेत. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम केली. लहान मुलांना सर्कशीत ठेवण्यावरची बंदी २०११ च्या निकालातून आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पिंजऱ्यांच्या गाड्यांत आयुष्य काढणाऱ्या जनावराला कूर यांच्या पद्धतीचा दयाळूपणा पुरेसा नव्हता, आणि प्रत्येक सर्कशीत कूर नव्हते. आता तंबूत उरले आहेत ते झुला, तारेवरची चाल, सायकली, मोटारसायकलचा गोल आणि विदूषक, म्हणजे बरेचसे तेच जे दामू पिंजऱ्याआधी शिकला होता.

पिंजऱ्यातले तंत्र मात्र दुसरीकडे गेले. जगातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत आज जाळीआडून काठीच्या टोकाला मांस लावून बिबट्याला वजनकाट्यावर उभे करतात, शेपूट जाळीबाहेर देऊन गुंगीच्या औषधाशिवाय रक्त काढू द्यायला शिकवतात. नाव, जागा, मांस हा क्रम तोच आहे. माणूस आत जात नाही, आणि प्रेक्षक नसतात.