ऐकलेली पुस्तकं, सांगितलेली पुस्तकं

वाचन प्रेरणा दिन जवळ आला की आपल्या मंडळात एक वाद हमखास निघतो. पुस्तक ऐकलं तर ते ‘वाचलं’ म्हणायचं का? माझं उत्तर सरळ आहे. म्हणायचं. श्रावणात पोथी लावायचे तेव्हा एक जण वाचायचा आणि बाकीची गल्ली ऐकायची. नवविधा भक्तीत पहिलं नाव श्रवणाचंच आहे. आपल्या चॅपलमध्येही शास्त्रपाठ मोठ्यानं वाचला जातो, आणि ऐकणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. कोणतं पुस्तक कानाला झेपतं, आणि ऐकलेल्याचं पुढं काय होतं?

दोन वर्षं झाली, मी गावाहून बेळगावला येता-जाता बसमध्ये तंत्रज्ञान, ऊर्जा आणि उद्योग यांवरची इंग्रजी पुस्तकं ऐकते. कादंबरी ऐकत नाही. कंडक्टरनं ‘पास दाखवा’ म्हटलं की नायिकेचं दुःख मध्येच तुटतं. माहितीचं पुस्तक तुटलं तरी जोडता येतं.

पण सगळी माहिती कानाला सारखी नसते. मार्क लेव्हिन्सन यांचं ‘द बॉक्स’ घ्या. विषय काय, तर बोटीवरचा लोखंडी कंटेनर! ऐकायला घेतलं तेव्हा मैत्रिणी हसल्या. पण त्यात गोष्ट आहे. माल्कम मॅकलीन हा ट्रकचा धंदा करणारा माणूस. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याची ‘आयडियल एक्स’ ही बोट ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाली. हमालांनी सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर पडायचे, पेट्यांनी तेच काम १६ सेंटच्या आत झालं. एवढे दोन आकडे डोक्यात राहिले की जगाचा व्यापार का बदलला ते कळतं.

याउलट वाक्लाव स्मिल यांचं ‘एनर्जी अँड सिव्हिलायझेशन’. माणूस थोर, पण एका वाक्यात चार आकडे. त्यात असली पुस्तकं अधूनमधून ‘सोबतची पीडीएफ पाहा’ म्हणतात. एका हातानं दांडी धरून उभ्यानं जाणाऱ्यानं पीडीएफ कुठं उघडायची? हे पुस्तक लायब्ररीतून आणून टेबलावर वाचावं. त्यांचं ‘हाऊ द वर्ल्ड रिअली वर्क्स’ मात्र ऐकण्याजोगं आहे. आजचं जग सिमेंट, पोलाद, प्लास्टिक आणि अमोनिया या चार खांबांवर उभं आहे, हे त्यातलं म्हणणं एकदा ऐकलं की विसरत नाही.

वेगाबद्दलही बोलायला हवं. दुप्पट वेगानं ऐकून ‘महिन्यात सात पुस्तकं संपवली’ म्हणणारे आपल्या वर्गातही आहेत. पंगतीत वाढपी पळत सुटला की ताट भरतं, जेवण होत नाही. शिवाय आवाजाचा एक धोका आहे. छापील पानावर शंका आली की नजर मागं जाते. कानात मात्र भारदस्त आवाज बोलत राहतो आणि पोकळ विधानही खरं वाटू लागतं. उद्योजकांच्या यशोगाथा ऐकताना हे फार जाणवतं. जो जिंकला त्याचीच गोष्ट, तीही त्याच्याच सोयीनं. म्हणून एखादी यशोगाथा झाली की मी उतारा म्हणून जॉन कॅरेरू यांच्या ‘बॅड ब्लड’सारखं पुस्तक सुचवते. एलिझाबेथ होम्सनं एकोणिसाव्या वर्षी थेरानोस काढली. कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलरवर गेली, आणि रक्त तपासणारं यंत्र धड चालतच नव्हतं! २०१५ मध्ये कॅरेरू यांनी हे बाहेर काढलं.

‘द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’ हे एन्रॉनवरचं पुस्तकही त्याच जातीचं. त्यात आपलं दाभोळ येतं. कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली ती हकिगत थरारक आहे. पण पुस्तकाची मुख्य नजर ह्यूस्टनच्या कचेरीवर आहे. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूरच्या लोकांनी प्रकल्पाविरुद्ध आंदोलनं केली, ती बाजू आपल्यालाच शोधून वाचावी लागते. कुठलंही पुस्तक कुणाच्या खुर्चीत बसून लिहिलंय, हे ऐकताना विचारत राहावं.

हा प्रश्न मला आप्पांमुळं पडायला लागला. आप्पा ऊस करतात. रात्री जेवताना मी त्यांना ऐकलेलं प्रकरण मराठीत सांगते. अमोनियाचं सांगितलं. फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशनं १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला. हायड्रोजन नैसर्गिक वायूतून घेतात, अमोनियापासून युरिया होतो. आप्पा घास थांबवून म्हणाले, “म्हणजे आपण पोत्यात गॅसच भरून आणतोय म्हण की.” पुस्तकानं अर्ध्या तासात सांगितलेलं एका वाक्यात आलं.

मग पंपाचा हिशेब केला. पाच हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. माणूस सलग राबला तर ७५ वॅटच्या आसपास काम करतो. म्हणजे आमचा पंप पन्नास गड्यांचं काम करतो. आप्पा खूश झाले. मग म्हणाले, “ते खरं गं. पण हे पन्नास गडी रात्री दीडला कामावर येत्यात. दिवसा करंट कधी मिळणार, लिवलंय काय त्यात?”

लिहिलेलं नव्हतं. वीज किती लागते, कशापासून होते, महाग का, हे सगळं होतं. ती कधी येते हे नव्हतं. थ्री फेज रात्री आला की आप्पा गमबूट घालून, बॅटरी घेऊन उसात शिरतात. उसात साप असतात. आई ते परत येईपर्यंत जागी असते. ऊर्जेच्या पुस्तकातला ‘ग्राहक’ हा शब्द आता कानावर पडला की मला गमबूट दिसतात. पुस्तक खोटं ठरत नाही, पण ते कुठं अपुरं आहे ते कळतं. आणि ते मराठीत सांगितल्याशिवाय कळलं नसतं. इंग्रजीत ऐकून मान डोलावणं सोपं असतं. ‘ग्रिड’, ‘लोड’, ‘बेस लोड’ हे आप्पांना समजेल असं सांगायला गेलं की आपल्याला काय समजलंय ते उघडं पडतं.

मराठीला हे विषय पेलत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. गिरीश कुबेर यांनी तेलावर, अच्युत गोडबोले यांनी अर्थशास्त्रावर आणि उद्योगांवर जाडजूड पुस्तकं मराठीतच लिहिली आहेत. कमी पडतात ते सांगणारे.

म्हणून मंडळाला एक सूचना. महिन्यातून एकदा, शनिवारी, दहा मिनिटं. एकानं ऐकलेल्या एका पुस्तकातलं एक प्रकरण मराठीत सांगायचं. कागद न बघता. त्या विषयातलं काही न शिकलेल्या एका तरी माणसाला समोर बसवायचं. मेसच्या मावशी, ग्रंथालयातले शिपाईकाका, कुणाचे आजोबा. आणि शेवटचा प्रश्न त्यांनीच विचारायचा.