आखाडात बघू

आमच्या धंद्यात आखाड म्हणजे मोकळा महिना. लग्नं थांबलेली, मावळात भातलावणी चाललेली, माणसं चिखलात. सोनाराकडे कुणी आलंच तर मोडायला, नाहीतर गहाण टाकायला. म्हणून नवं काही शिकायचा विषय निघाला की मी म्हणायचो, आखाडात बघू. असे कित्येक आखाड कोरडे गेले, तेही लोणावळ्यात!

शिकायचं होतं टाकांचं उठावाचं काम. एकवीरा, खंडोबा, भैरोबा, कुलदैवताचे चांदीचे टाक आमच्या भागात घरोघरी देव्हाऱ्यात असतात. पूर्वी सोनार चांदीचा पत्रा राळेवर बसवून बोथट छिन्न्यांनी मागून-पुढून ठोकत देव उठवायचा. आता ठशातून दाबलेले तयार टाक मिळतात आणि मी तेच आणून विकत होतो. सगळ्या देवींना एकच नाक. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेलं की शेजारच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची जोडपी दिसतात. दगड जवळपास दोन हजार वर्षांचा, पण कानातले आणि पायातले दागिने वजनासकट कळतात. ते पाहून घरी येताना दरवेळी लाज वाटायची. दुकान उघडलं की ती जायची.

वडिलांना हे काम येत होतं. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनार घरी बसले. त्या दिवसांत वडील टाकांकडे वळले. यावरून मी नेमकी उलटी समजूत करून घेतली होती, की हाताला काम नसलं म्हणजे माणूस शिकतो. खरं तर त्यांना रिकामपण असं नव्हतंच. टाक खपला तर संध्याकाळी घरात पीठ यायचं, म्हणून हात बसला. हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. पण ते होते तेव्हा मी तयार चेन विकून सुटणाऱ्या पैशांवर खूश होतो.

ते गेल्यावर मात्र घाई सुटली. आधी हत्यारं घेतली, महागडी, पेटीसकट. मग रात्री मोबाइलवर व्हिडिओ. दिवसभर दागिन्यांचे सांधे जोडायला डाक लावून डोळे शिणलेले, रात्री ठोकायची सोय नाही, कारण वर बिऱ्हाड. तरी व्हिडिओ बघितला की आज शिकलो असं वाटायचं. हे फार फसवं समाधान आहे. पोहणं पाहून कुणी तरंगत नाही.

पुढे एकदाचा आखाड गाठला. राळ, विटेची भुकटी आणि तेल यांचं मिश्रण हवेप्रमाणे बदलावं लागतं. उन्हाळ्यात भुकटी जास्त, थंडीत तेल जास्त. मी प्रमाण उचललं ते कुठल्यातरी गरम मुलखातल्या माणसाचं. आमच्या पावसाळी गारठ्यात राळ दगडासारखी घट्ट झाली, चार ठोक्यांत पत्रा सुटायला लागला. मी राळ विकणाऱ्याला शिव्या घातल्या.

आणि या तयारीवर मी गिऱ्हाइकाचं काम घेतलं. कामशेतकडच्या एका आजींचा खंडोबाचा टाक पूजेत घासून घासून सपाट झाला होता. "उजळून दे बाबा," एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पुन्हा उठवून देतो. ठोकून चांदी कडक होते, मधूनमधून तापवून ती मऊ करून घ्यावी लागते. चांदी वितळते 961 अंशांना, त्याच्या बरंच आधी, मंद लाली दिसताच, जाळ काढायचा. ती लाली अंधुक उजेडातच कळते. मी ट्यूबलाइटखाली बसलेलो, त्यात उशीर झालेला, म्हणून शेवटचं तापवणं गाळलं. घोड्याच्या मानेपाशी पत्रा फाटला. मागून डाक भरला, वर तांब्याचा पत्रा बसवून झाकलं, पॉलिश मारलं आणि टाक देऊन टाकला. मजुरीही घेतली.

दिवाळीनंतर आजी परत आल्या. डाकाची रेघ काळी पडली होती. भांडल्या नाहीत. "फाटला होता तर सांगायचं होतंस. देव काय, दुसरा करता आला असता. आता तुझ्याकडं डाग कसा टाकायचा?" मजुरी परत दिली, नवा टाक देऊ केला. त्यांनी मजुरी घेतली, टाक घेतला नाही.

लोकलने पुण्याला जाऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत बसायला लागलो ते यानंतर. तिथलं मठारकाम, म्हणजे ठोक्यांचं काम, भांड्यांचं, माझं टाकांचं, पण धातूचा स्वभाव तिथे आवाजावरून कळतो. पत्रा कडक व्हायला लागला की ठोक्याचा नाद बदलतो. एका कारागिराने माझी पेटी बघितली आणि विचारलं, "यातलं तू स्वतः काय बनवलंस?" त्याचं सगळं हत्यार घरचं होतं.

आता सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धा तास तांब्याच्या पत्र्यावर ठोकतो. तांबं स्वस्त आणि कुणाच्या देवाचं नसतं. या शिकण्यासाठी रविवारची पर्यटकांची तुटलेली पैंजणं, चेनी जोडायचं काम सोडलं. पावसाळ्यात त्याचे बरे पैसे सुटायचे, घरातून अजून टोमणे येतात. 2021पासून सोन्याला हॉलमार्क सक्तीचं झालं, तेव्हा तपासणी केंद्राच्या खेपांमुळे वेळ नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. खेपा आजही आहेतच.

देवीचा मुखवटा बरा येतो, घोडा अजून नाही. खंडोबाचं काम आलं की सरळ सांगतो, मला जमत नाही. अडतं ते भावाशी. गिऱ्हाईक टाकाचा भाव वजनावर विचारतं. वजनावर सांगितलं तर राळेचाही खर्च निघत नाही, आणि लागलेल्या दिवसांवर सांगितलं तर ते ठशातला टाक मागतं. तो मी अजूनही ठेवतो, वरच्या कप्प्यात.