दुपारी चारपर्यंत

‘बंद’ पुकारायला काही लागत नाही. एप्रिल २०२१मध्ये कोविड रोखण्यासाठी ‘ब्रेक द चेन’चे आदेश आले, तेव्हा घंटागाडीवर लावायची घोषणा मी उभ्या उभ्या लिहून काढली होती. अत्यावश्यक सोडून सगळं बंद, किराणा-भाजी सकाळी सात ते अकरा, कामाशिवाय बाहेर पडू नका, मास्क लावा. लोकांनी कुरकुर केली, दोन-चार शिव्या घातल्या, पण ‘म्हणजे नक्की काय?’ असं कुणी विचारलं नाही. माझा खरा कस लागला तो जूनमध्ये, निर्बंध सैल व्हायला लागले तेव्हा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत लिपिक आहे. टेबल घरपट्टीचं. कोविडच्या काळात नियंत्रण कक्षाचा फोन आणि घोषणांचा मजकूर माझ्याकडे आला. पाठोपाठ आवाजही माझाच घ्यायचं ठरलं, कारण आधी ज्यांचा आवाज असायचा ते आरोग्य निरीक्षक फवारणी आणि स्मशानभूमी या दोन टोकांमध्ये पळत होते. एरवी आमच्या भोंग्याची कामं ठरलेली: उद्या पाणी येणार नाही, मार्चअखेर थकबाकी भरा, पालखीच्या दिवसांत वाहतूक कुठून वळवली. आता मोबाइलवर बोलायचं, पेन ड्राइव्हमध्ये भरायचं आणि सकाळी सहाला गाडी सुटायच्या आत ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. पुढे पुढे भाजीवाल्या मला मास्कमागूनही ओळखायला लागल्या. ‘तुम्हीच न्हवं का त्या, कळविण्यात येते की म्हणणाऱ्या?’ म्हणून एकीने मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. घोषणेबद्दल मिळालेलं तेवढंच मानधन.

३ जूनच्या संध्याकाळी एका मंत्र्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की पाच टप्प्यांत राज्य उघडणार आणि अठरा जिल्हे उद्यापासून पूर्ण मोकळे. थोड्याच वेळात सरकारचा खुलासा आला की प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. या दोन बातम्यांच्या मधल्या वेळात कक्षाचा फोन खाली ठेवता येईना. ‘टीव्हीवर सांगितलंय, तुमचं काय अडलंय?’ हा एकच सूर. आमचा जिल्हा त्या अठरात नव्हता हे सांगून कुणाला पटत नव्हतं. आमच्या हातात कागद नव्हता, आणि कागदाशिवाय भोंगा लावायचा नाही, असं मुख्याधिकारी साहेबांनी बजावलं होतं. तो शहाणपणा होता, असं मी आजही म्हणेन.

आदेश आला तो ४ जूनच्या तारखेचा, लागू ७ जूनपासून. त्यात पाच स्तर, आणि स्तर ठरायचा दोन आकड्यांवर: तपासलेल्यांपैकी बाधित किती टक्के निघाले आणि जिल्ह्यातल्या ऑक्सिजन खाटांपैकी किती भरल्या. बाधित पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पंचवीस टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं सुरळीत. बाधित वीस टक्क्यांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेल्या की पाचवा, म्हणजे जवळपास सगळं बंद. मधल्या तिसऱ्यात सगळी दुकानं दुपारी चारपर्यंत, पण अत्यावश्यक नसलेली शनिवार-रविवार बंद, लग्नाला पन्नास माणसं, अंत्यविधीला वीस. चौथ्यात अत्यावश्यक दुकानंच उघडी आणि लग्नाला पंचवीस.

कागदावर हे बरं दिसतं. मुंबई-पुण्याला आणि आमच्यासारख्या गावाला एकच माप लावण्यापेक्षा जिल्हावार विचार केला, हे चांगलंच झालं. पण गावात ‘स्तर’ म्हटलं की लोकांना शाळेतल्या इयत्ता आठवत. एक गृहस्थ मोठ्या आनंदाने म्हणाले, ‘आपला जिल्हा वर चढला म्हणतात.’ वर चढणं ही वाईट बातमी आहे हे त्यांना सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं. शेवटी मी घोषणेतून स्तराचा आकडाच काढून टाकला. काय उघडं, किती वाजेपर्यंत, कोणते वार, एवढंच ठेवलं. साहेबांनी मजकूर वाचून ‘आदेशाचा संदर्भ क्रमांक कुठे आहे?’ असं विचारलं. तो नोटीस बोर्डावर लावला आहे, म्हटलं. त्यांनी सही केली.

दर गुरुवारी आरोग्य विभाग जिल्ह्यांचे आकडे जाहीर करायचा. त्यावरून जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, आदेश काढायचे आणि सोमवारपासून तो लागू व्हायचा. मधले शुक्रवार, शनिवार, रविवार व्यापाऱ्यांच्या जिवाला घोर. कापडवाल्याने माल भरायचा की नाही? शिंप्याने कारागिराला गावाहून बोलवायचं की नाही? ते मला विचारत, आणि मला त्यांच्याइतकंच ठाऊक असे. पण फोन उचलणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक असतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

दुकानांच्या प्रश्नांत सर्वांत रंगलेला प्रश्न चपलेचा. अत्यावश्यक सेवांच्या यादीत पावसाळ्याच्या तयारीच्या वस्तूंची दुकानं होती. छत्री, रेनकोट, ताडपत्री यांबद्दल वाद नव्हता. चप्पल-बुटांचे एक दुकानदार यादीची छापील प्रत घेऊन आले आणि टेबलावर प्लॅस्टिकच्या सँडलचा जोड ठेवून म्हणाले, ‘मॅडम, ही पावसाळी. चामड्याची उन्हाळ्यात चालते. आता सांगा, ही पावसाळ्याची वस्तू आहे का नाही?’ युक्तिवादात खोट काढता येईना. साहेबांनी तोडगा काढला की पावसाळी माल तेवढा पुढच्या फळीवर ठेवा आणि बाकीच्या मांडण्यांवर पडदा टाका. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर अर्ध्या दुकानावर निळी ताडपत्री टांगलेली. गिऱ्हाईक कोपरा उचलून आत डोकावत होतं, आणि मालक माझ्याकडे पाहून मोठ्याने ‘आतलं नाही हं, आतलं नाही’ म्हणत होते. पंधरवड्यात किराणा-कटलरीवाले, स्टेशनरीवाले, भांडीवाले सगळ्यांच्या दुकानांत पडदे आले. ताडपत्रीवाल्याचा धंदा मात्र खरोखर अत्यावश्यक झाला.

दुपारी चारच्या वेळेबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचा माणूस सकाळची धार आणि रानातलं काम उरकून बारा-एकला गावात येतो. त्याला तीन तासांत बियाणं, औषध, किराणा, बँक सगळं गाठायचं. म्हणजे गर्दी टाळण्यासाठी लावलेली वेळ गर्दीलाच एका दुपारीत कोंबत होती. हे मी बैठकीत बोललेही. पण वेळ ठरवणं आमच्या नगरपालिकेच्या हातात नव्हतंच. आमच्या हातात होती दंडाची पावती पुस्तकं, आणि चार वाजून पाच मिनिटांनी शटर खाली ओढणाऱ्यालाही ती दिसत.

खरं सांगायचं तर फोन करणाऱ्यांतले निम्मे नियम विचारायला फोन करत नव्हते. सुरुवात नियमाने व्हायची, ‘सलून कधी उघडणार?’ आणि मग हळूच, ‘ते पंधराशे रुपये आले का हो?’ एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं साहाय्य जाहीर केलं होतं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार. सलूनवाला यांपैकी कुणीच नाही. त्याला हे सांगायचं कसं? ‘सध्या बंद ठेवा’ हे सांगायला भोंगा होता. ‘तुमच्यासाठी काही नाही’ हे मात्र फोनवर, एकेकाला सांगावं लागायचं.

फेरीवाल्यांची यादी तर आमच्याच कपाटात. पूर्वी सर्वेक्षण झालं तेव्हाची. एसटी स्टँडबाहेर टोपलीत टिकल्या, रिबिनी, केसांचे चाप घेऊन बसणारी एक बाई रोज यायची. पहिल्या दिवशी तिने पैसे मागितलेच नाहीत. ‘यादीत माझं नाव हाय का, तेवढं बगा,’ एवढंच. नाव नव्हतं. सर्वेक्षणाची माणसं स्टँडवर आली तेव्हा ती म्हसवडच्या यात्रेत टिकल्याच विकत होती. म्हणजे फिरून विकते म्हणूनच फिरून विकणाऱ्यांच्या यादीत ती नाही! हे मी टिपणीत अगदी याच शब्दांत लिहिलं आणि नव्या नोंदणीचा अर्ज जोडला. दीड हजारासाठी त्याचा उपयोग झाला नाही. ‘टोपली घेऊन बसले तर चालंल का?’ असंही तिने विचारलं. दुकानांच्या वेळेचा नियम स्पष्ट होता, टोपलीचा नव्हता. मी म्हटलं, बसा, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

मग मी साहेबांकडे हट्ट धरला की प्रत्येक घोषणेत निर्बंधांनंतर मदतीची दोन वाक्यं घालू द्या. शिवभोजन थाळी तेव्हा मोफत होती. जानेवारी २०२०मध्ये दहा रुपयांना सुरू झालेली, पहिल्या टाळेबंदीत पाचवर आलेली आणि एप्रिल २०२१पासून फुकट मिळणारी. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, आणि तेही पार्सल. पण फुकट झाली हे स्टँडपलीकडच्या वस्तीत कुणाला माहीत नव्हतं. रेशनचा गोंधळ वेगळाच. राज्याचं एका महिन्याचं मोफत धान्य वेगळं आणि केंद्राचं माणशी पाच किलो वेगळं. राज्याचा महिना संपला की नेहमीच्या धान्याला परत पैसे, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो, आणि केंद्राचं मात्र फुकटच. कार्ड एक, पिशवी एक, हिशेब दोन. ‘मागल्या म्हैन्यात फुकट आणि आता पैसं कशाचं?’ म्हणून दुकानदाराची गचांडी धरायची वेळ आली होती. घोषणेत आम्ही दोन्ही धान्यं वेगवेगळी सांगितली, आणि शेवटी ‘पावती मागून घ्या’ असं जोडलं. ते वाक्य सगळ्या दुकानदारांना आवडलं नाही.

लसीच्या घोषणेला मी घाबरायचे. किती डोस येणार ते आदल्या रात्री कळायचं, कधी तेही नाही. आणि मे महिन्यात कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. सहा-आठ आठवड्यांची तारीख डोक्यात धरून बसलेले म्हातारे पहाटे केंद्रावर यायचे, त्यांना चौऱ्याऐंशी दिवस मोजून परत पाठवायचं. ‘लस संपलीय म्हणून दिवस वाढवलं,’ ही त्यांची खात्री माझा भोंगा हलवू शकला नाही. ती हलवली आशाताईंनी. त्या घरात जाऊन, कॅलेंडरवर पेनाने गोल करून यायच्या. जूनमध्ये आशांनी संप केला तेव्हा गावाला त्यांचं मोल कळलं. मोबदल्याच्या मागण्या वाचून मला त्यांच्या धीराचंच नवल वाटलं.

२५ जूनला विषाणूच्या डेल्टा प्लस या प्रकाराची धास्ती आली आणि तिसऱ्या स्तराच्या खाली कुठलाच जिल्हा जाणार नाही, असं ठरलं. ऑगस्टच्या सुरुवातीला पंचवीस जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मोकळीक मिळाली, उरलेल्या अकरांत सातारा. कापडवाले चिडले, त्यांचं चिडणं रास्त होतं. १५ ऑगस्टपासून आम्हीही सुटलो. ऑक्टोबरमध्ये शाळा आणि घटस्थापनेला देवळं उघडली. देवळांच्या घोषणेला मात्र मला एकही फोन आला नाही. लोकांनी पेपरात वाचून आधीच गाभारे धुवून ठेवले होते.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. सगळे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. ही घोषणा मी लिहिली, पण भोंग्यावर चढलीच नाही. पाण्याची पाइपलाइन फुटली होती, गाडीला तेच सांगत फिरावं लागलं. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं होतं ते दुसरीकडे. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजारांचं सानुग्रह साहाय्य होतं. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मृत्यूंसाठी मार्चअखेरीस साठ दिवसांची मुदत घालून दिली होती. मृत्यूच्या दाखल्यावर कारण ‘कोविड’ नाही म्हणून कितीतरी लोक अर्जच करत नव्हते. दाखल्यावर नसलं तरी चाचणीचा पॉझिटिव्ह अहवाल आणि त्यानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू एवढं पुरे, आणि नाकारलं तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. घोषणेच्या मसुद्यात ‘आवश्यक त्या कागदपत्रांसह’ असं होतं. मी ते खोडून कागदांची नावं घातली: आधार, बँक पासबुक, मृत्यूचा दाखला, चाचणीचा कागद, आणि चाचणीचा कागद हरवला असेल तर आधी नगरपालिकेत या. साहेब म्हणाले, ‘फार लांब होतंय.’ म्हटलं, होऊ दे, आता दुपारी चारपर्यंतचं बंधन नाही. मुदत संपेपर्यंत गाडी रोज तेच सांगत फिरली, आणि माझ्या टेबलासमोरच्या रांगेत घरपट्टीवाले मागे उभे राहायला लागले.