रुक्मिणीचा रथ आणि वऱ्हाडचा रस्ता

गेल्या हिवाळ्यांत कांहीं कामानिमित्त मुंबईस जाणें झालें, तेव्हां पुतण्यानें आग्रहानें एका मोटार-प्रदर्शनास नेलें. तेथें एका राखी रंगाच्या मोटारीभोंवतीं तरुणांचें कडें पडलें होतें. ती 'मॅक्लारेन जीटी' होय. "अण्णा, सुपरकारांमध्यें ही व्यवहारी म्हणून गणली जाते. हिच्यांत सामानसुद्धां मावतें," असें पुतण्या म्हणाला. 'व्यवहारी' हा शब्द ऐकून माझें कुतूहल जागें झालें. कारण वाहनाचा व्यवहारीपणा पारखावयास आम्हां वऱ्हाडकरांजवळ एक उत्तम कसोटी आहे, ती म्हणजे अमरावती ते अकोला हा सुमारें शंभर किलोमीटरांचा रस्ता.

ब्रूस मॅक्लारेन हा न्यूझीलंडचा शर्यतपटु. त्यानें १९६३ सालीं ही संस्था काढिली आणि १९७० सालीं इंग्लंडांत एका शर्यतीच्या मोटारीची परीक्षा घेतांनाच तो मरण पावला. प्रस्तुत मोटार २०१९ सालची. २०२३ च्या अखेरीस तिची जागा 'जीटीएस' या सुधारलेल्या मोटारीस मिळाली. 'जीटी' हीं 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांचीं आद्याक्षरें. इंग्रज सरदारांचे पुत्र विद्याभ्यास संपल्यावर फ्रान्स-इटलीचा जो दीर्घ प्रवास करीत, त्याची आठवण या नांवांत आहे. इंजिन पाठीमागें, शक्ति ६२० घोड्यांची, परम वेग ताशीं ३२६ किलोमीटर! सामानास ५७० लिटर जागा. पैकीं १५० पुढें, बाकीची इंजिनाच्या वर. तींत गोल्फच्या काठ्यांची थैली मावते, असें कर्ते अभिमानानें सांगतात. आमच्या घरांत गोल्फ कोणी खेळत नाहीं. लोणच्याची बरणी मावेल खरी. पण खालीं इंजिन व वर वऱ्हाडचा वैशाख, अशा ठिकाणीं ती ठेवण्यास आमच्या वहिनी धजतील असें वाटत नाहीं. बैठकी मात्र दोनच.

दोन बैठकी पाहून मला रुक्मिणीहरण आठवलें. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास आलेली रुक्मिणी श्रीकृष्णानें तेथूनच रथांत घेतली, अशी आमच्याकडील श्रद्धा आहे. तिचें माहेर कौंडिण्यपूर हें वर्धा नदीच्या कांठीं, तिवसा तालुक्यांत. भागवताच्या दशमस्कंधांत श्रीकृष्ण आनर्तांतून विदर्भांत एका रात्रींत येऊन पोंचल्याचें वर्णन आहे. याहून मोठें पर्यटन तें कोणतें? आणि त्या चार घोड्यांच्या रथांत निरोप घेऊन गेलेल्या ब्राह्मणासही जागा होती. मॅक्लारेनमध्यें देव आणि सारथि दारुक बसल्यावर त्या बिचाऱ्यास परत पायींच यावें लागलें असतें!

आतां रस्त्याकडे वळूं. ही मोटार जमिनीपासून अवघी अकरा सेंटिमीटर उंच. कळ दाबली असतां तेरा होते. वऱ्हाडच्या गांवोगांवचे गतिरोधक ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणें नको. शिवाय आमची काळी माती कपाशीस जितकी माउली, तितकीच सडकेस वैरीण. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पाया भक्कम नसेल तर वरची सडक हेलकावे घेते व फुटते. त्यांत या रस्त्याच्या रुंदीकरणाचें काम कित्येक वर्षें रखडलें होतें. माझी पुतणी अकोल्यास दिली आहे. २०१९ सालीं तिला पहिल्या बाळंतपणासाठीं आणावयाचें, तर दारांत मोटार उभी असूनही वहिनींनीं तिला आगगाडीनें बडनेऱ्यापर्यंत आणविलें. मोटारीचें नांवसुद्धां त्या काढूं देईनात. आणि त्यांचें बरोबर होतें.

पुढें जून २०२२ मध्यें याच रस्त्यावर एक अपूर्व गोष्ट घडली. ३ तारखेच्या सकाळपासून ७ तारखेच्या सायंकाळपर्यंत सुमारें ७२० माणसांनीं अहोरात्र खपून एका पदराची ७५ किलोमीटर अखंड डांबरी सडक १०५ तास ३३ मिनिटांत घातली. गिनीज बुकानें तिची विक्रम म्हणून नोंद केली. पूर्वींचा विक्रम कतार देशाचा, पंचवीस किलोमीटरांहून थोडा अधिक. जूनच्या आरंभींच्या आमच्या उन्हांत, तापलेल्या डांबराजवळ रात्रंदिवस उभें राहणाऱ्या त्या मजुरांचें कौतुक मला ३२६ च्या वेगाहून अधिक वाटतें.

चौपदरी राजमार्गावर कायद्यानें मोटारीस ताशीं शंभरच किलोमीटरांची मुभा आहे. म्हणजे कोट्यवधि रुपयांची मॅक्लारेन घेतली तरी अमरावतीहून अकोल्यास तास हा लागावयाचाच. आमच्या जुन्या मोटारीस सव्वा-दीड लागतो, व तोही मूर्तिजापुरास चहा घेऊन. गेल्या वर्षीं पुतणीला दुसऱ्या खेपेस आणिलें तें या मोटारीनें. पुढें पुतण्या व मी. मागें वहिनी, पुतणी आणि तिचा पांच वर्षांचा मुलगा. पाठीमागें दोन पेट्या, पापडांचा डबा आणि विहीणबाईंनीं दिलेली बरणी. बोरगांव मंजू सुटल्यावर पुतणीचा डोळा लागला, तो बडनेऱ्यास उघडला.