पंखाचं माप

जेठात पाली गावी फणस फोडला, की पहिला गरा हातात यायच्या आत चिलटं हजर होतात. आमच्याकडे हात हलवून त्यांना हाकलतात. मी मात्र बघत बसतो. तांबडे डोळे, पिवळसर तपकिरी अंग आणि जेमतेम दोन मिलिमीटरचे पारदर्शक पंख. डावा उजव्याएवढाच, शिरादेखील जागच्या जागी.

हे माप ठरतं अळीच्या अंगात. पंखाची सुरुवात चाळीस-पन्नास पेशींच्या इवल्या चकतीतून होते. चारेक दिवसांत त्या पेशी तीस ते पन्नास हजारांच्या घरात जातात आणि वाढ थांबते. चकतीच्या मधल्या अरुंद पट्ट्यातून डीपीपी नावाचं प्रथिन पाझरतं आणि लांब जाईल तसं विरळ होत जातं. पिकल्या फणसाचा घमघमाट माजघरात कोंदतो, ओट्यापर्यंत मात्र जरासाच येतो, तसंच हे. त्याच्या दाटीवरून पेशीला आपली जागा कळते. शीर कुठे उमटायची, हेही त्यावरच ठरतं.

पंखाची कड जिथे व्हायची, त्या रेषेवरून विंगलेस हे दुसरं प्रथिन निघतं. त्याचा माग पहिल्यांदा आपल्याच देशात लागला, याचं मला फार अप्रूप आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेली चिलटं सापडली; १९७३ साली त्यांनी ते नोंदवलं. उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगात सापडलेलं एक जनुक विंगलेसच्या जनुकाचंच भावंड निघालं, हे १९८७ साली उघड झालं.

पण डीपीपी मध्यावर दाट आणि कडेला विरळ असताना पेशी सगळीकडे जवळपास सारख्याच वेगानं कशा वाढतात? यावर अजून वाद चालू आहे. कोवळी चकती काढून प्रौढ मादीच्या पोटात ठेवली, तरी ती साधारण आपल्या मापापर्यंत वाढते आणि थांबते. म्हणजे थांबायची खूण तिच्या आतच असते. माझं मन या थांबण्यापाशीच सारखं घुटमळतं.

पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत, एल. एस. शशिधर यांच्या गटानं हाच प्रश्न दुसऱ्या अंगानं धरला. हे काम ते त्याआधी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत करत होते. चिलटाच्या पंखामागे एक बारीक गुंडी असते. तिला हाल्टर म्हणतात. उडताना तोल सांभाळणं हे तिचं काम. तीही पंख होऊ शकली असती. अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक तिथे डीपीपी आणि विंगलेस दोघांनाही आवर घालतं, म्हणून पेशी कमी राहतात आणि पंख पसरत नाही. ते जनुक तिथे निकामी झालं, की गुंडीच्या जागी पुरता पंख येतो. मात्र त्या मागच्या जोडीला हलवणारे स्नायू नसतात आणि तोल धरणारी गुंडीही गेलेली असते. चार पंखांच्या त्या माशीला उडता येत नाही.