डोंगर दिसला तर विमान

आपल्याकडची मंडळी लडाखला जातात ती बहुधा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. लेहचा शांतिस्तूप, थिकसे आणि हेमिसचे मठ, पँगाँगचे निळे पाणी पाहून आठ दिवसांत परत येतात आणि विहारात फोटो दाखवतात. हिवाळ्यातले लडाख त्यांच्या पाहण्यात येत नाही. पण हिवाळ्यातही आपली माणसे तिथे असतात. कोणी सैन्यात आहे, कोणी रस्तेबांधणीत, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात. आमची थोरली लेक अशीच दोन वर्षांपासून लेहमध्ये बँकेत अधिकारी आहे. मागच्या जानेवारीत आम्ही उभयतांनी तिच्याकडे पंधरा दिवस मुक्काम केला. यंदाच्या जानेवारीत ती घरी यायची होती आणि आम्ही नागपुरात तिची वाट पाहत होतो. या दोन जानेवारींनी आम्हाला जे शिकवले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

बर्फातले लेह

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतो. नळ गोठतात. पाणी बादलीने आणून घरात साठवायचे आणि बादलीवर साय धरावी तसा बर्फाचा थर आला की तो फोडून वापरायचे. घराच्या मधल्या खोलीत पत्र्याची बुखारी पेटते आणि सगळे घर तिच्याभोवती बसते. बटाटे, गाजरे, सलगम जमिनीत पुरून ठेवलेले असतात. पालेभाजी उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेली. दिवसभर मीठ-लोण्याचा चहा. पहिल्या घोटाला आपल्या जिभेला तो रुचत नाही. तिसऱ्या दिवशी आपणच मागून घेतो.

लेक ज्यांच्याकडे भाड्याने राहते ते बौद्ध कुटुंब. घरच्या आजीला सगळे आमा-ले म्हणतात, आजोबांना मेमे-ले. ‘जुले’ म्हटले की नमस्कारही झाला, आभारही झाले. आम्ही ‘जयभीम’ म्हणून हात जोडले, तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. लेकीने सांगितला. देवघरात बुद्धमूर्तीपुढे सात वाट्यांत पाणी भरून ठेवलेले होते. भाषा वेगळी, विधी वेगळे, पण सकाळी त्रिशरण म्हणताना ‘बुद्धं’ हा शब्द त्यांनी लगेच ओळखला.

लडाखमध्ये नववर्षाचा लोसर हा सण डिसेंबरमध्येच होऊन जातो. जानेवारीत स्पितुक मठाचा गुस्तोर उत्सव असतो. मुखवटे घालून भिक्खू नाच करतात आणि आसपासच्या गावांतून आलेली माणसे लोकरीच्या झग्यांत दाटीवाटीने बसून पाहतात. हा मठ एका टेकडीवर आहे आणि त्या टेकडीच्या पायथ्यालाच लेहची धावपट्टी आहे. मठाच्या गच्चीवरून खाली विमान उतरताना दिसते.

एकच दार

उन्हाळ्यात लेहला दोन बाजूंनी मोटार येते. एक रस्ता श्रीनगरहून झोजिला ओलांडून, दुसरा मनालीहून. झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे. बर्फ साचला, हिमकडे कोसळू लागले की ती बंद होते. मनालीच्या बाजूला २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, पण त्यापुढच्या बारालाचा आणि तांगलांग या खिंडी त्याहून कितीतरी उंच आहेत. ऐन हिवाळ्यात सामान्य माणसाला येण्याजाण्याचे भरवशाचे दार एकच उरते, ते म्हणजे विमान.

लेहच्या जमिनीवर पहिले विमान उतरले ते २४ मे १९४८ रोजी. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन डाकोटा विमान उतरवले. ती कच्ची धावपट्टी सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमातून तयार करून घेतली होती. शिकलेला एक माणूस आपल्या मुलखाच्या किती कामी येतो, याचे हे उदाहरण आपल्या मुलामुलींना अवश्य सांगावे. आज या विमानतळाला कुशोक बकुला रिंपोचे (१९१७–२००३) यांचे नाव आहे. ते भिक्खू होते, संसद सदस्य होते आणि मंगोलियात भारताचे राजदूतही होते.

हा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. चहूकडे डोंगर, मध्ये सिंधू नदीचे खोरे. वैमानिकाला डोंगराच्या धारा डोळ्यांनी दिसल्याशिवाय इथे उतरता येत नाही. उतरण्याचा मार्ग ठरलेला आणि अरुंद, त्यामुळे त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच लागतात. दुपारनंतर खोऱ्यात वारे उसळतात. म्हणून प्रवासी विमानांची मुख्य ये-जा सकाळची. ढग खाली आले किंवा बर्फ पडू लागला की विमान येत नाही. कधी लेहपर्यंत येऊन, घिरट्या घालून दिल्लीला परतते.

मेमे-ले रोज सकाळी अंगणात येऊन नदीपलीकडच्या स्तोकच्या डोंगराकडे पाहत. शिखर स्पष्ट दिसले तर म्हणत, आज विमान येईल. नाही दिसले तर आत येऊन चहा मागत. डोंगर दिसला तर विमान, असा त्यांचा साधा हिशेब. गेल्या वर्षी आमचेच परतीचे विमान दोन दिवस रद्द झाले, तेव्हा आम्ही घड्याळ पाहत होतो आणि ते डोंगर पाहत होते.

नागपुरातले चार दिवस

यंदा आमच्या धाकट्या चिरंजीवाचा मंगल परिणय जानेवारीतल्या एका रविवारी ठरला. बहिणीने गुरुवारी लेहहून निघायचे, दिल्लीत विमान बदलून रात्री नागपूरला पोहोचायचे. मधे दोन दिवस हाताशी राहतात म्हणून सगळे निर्धास्त होते.

गुरुवारी पहाटे लेकीचा फोन आला. रात्रीपासून बर्फ पडतो आहे. विमान रद्द. शुक्रवारी बर्फ थांबला, पण ढग डोंगराच्या कमरेवर बसून राहिले. पुन्हा रद्द. घरात हळद दळलेली, मांडव उभा, पाहुणे यायला लागलेले आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, “ताई कुठवर आली?” तिच्या आईने शुक्रवारी रात्री जेवणाचे ताट तसेच बाजूला सारले.

शेजारच्या एका बाई सहानुभूतीने म्हणाल्या, “एखादा नवस बोला, सगळं सुरळीत होईल.” त्यांचा हेतू चांगला होता. उत्तर आमच्या आईने दिले. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला ती तेरा वर्षांची मुलगी म्हणून आपल्या आईचा पदर धरून दीक्षाभूमीवर उभी होती. ती म्हणाली, “बाई, बाबासाहेबांसमोर बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्या. आता एका ढगापायी त्या मोडू का?” बाई हसल्या, आईही हसली. पण नातीची काळजी तिलाही होती. रात्री दोनदा उठून तिने विचारले, फोन आला का म्हणून.

शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला, आवाजात आनंद होता. “बाबा, डोंगर दिसतोय! आभाळ निळंशार आहे.” आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन तासांनी पुन्हा फोन. विमान दिल्लीहून निघालेच नाही. दिल्लीत दाट धुके. धुके निवळेपर्यंत लेहची सकाळ संपून गेली.

ढगामागचे कारण

इथे मेमे-लेंचा हिशेब अपुरा पडला, कारण डोंगर लेहला दिसत होता आणि अडचण दिल्लीत होती. हे असे का झाले, ते लेकीने आम्हाला फोनवर समजावून सांगितले. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने ओलावा घेऊन वाऱ्यांच्या लाटा येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी झंझावात म्हणते. हिमालयाला धडकून त्या बर्फ टाकतात आणि उत्तरेच्या मैदानात थोडा पाऊस पाडून पुढे सरकतात. त्या गेल्या की आभाळ मोकळे होते, वारा पडतो. मोकळ्या आभाळाखाली रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि मागे राहिलेला ओलावा जमिनीलगत धुके होऊन बसतो. म्हणजे ज्या लाटेने गुरुवारी लेहमध्ये बर्फ टाकला, तिच्याच मागे शनिवारी दिल्लीत धुके आले. दोन संकटे वाटली, पण कारण एकच.

दिल्ली विमानतळावर धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे. योग्य यंत्रे असलेले विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असेल तर जेमतेम पन्नास मीटर दिसत असतानाही विमान उतरू शकते. पण उड्डाणाला त्याहून जास्त, साधारण सव्वाशे मीटर दिसावे लागते. त्यातच एका विमानाला उशीर झाला की त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या रखडतात. लेहला जाणारे विमान पहाटे निघते, नेमके धुके सर्वांत दाट असते तेव्हा.

हे कळल्यावर विमान काही लवकर आले नाही. परंतु घरातली भीती कमी झाली, हे खरे. तोपर्यंत जो तो म्हणत होता, ‘आपल्याच वाट्याला का?’ कारण कळले आणि तो प्रश्न गळून पडला. ढग कोणावर रागावत नाही आणि नवसाने कोणावर प्रसन्नही होत नाही. कारण असले की परिणाम घडतो, कारण सरले की परिणाम सरतो. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आम्ही विहारात अनेकदा ऐकला आहे. तो त्या शनिवारी आमच्या घरात उतरला.

त्याच रात्री आम्हाला १९१७ साल आठवले. पहिले महायुद्ध चालू असताना बाबासाहेब लंडनहून मुंबईला परतले. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती, ती बोट युद्धात बुडाली. समुद्रात पाणबुड्यांचा धोका, हाती फोन नाही, पत्राला कित्येक आठवडे. अशा काळात रमाईने वाट पाहिली. आमची लेक उबदार खोलीत सुरक्षित होती आणि दर दोन तासांनी तिचा आवाज ऐकू येत होता. आम्ही आपल्या काळजीचे वजन पुन्हा एकदा नीट तोलून पाहिले.

रविवारी धाकटा म्हणाला, “ताई आल्याशिवाय मी उभा राहणार नाही.” त्याला समजावले तेही ताईनेच. “तीनशे माणसं उपाशी बसवून माझी वाट बघू नकोस. बौद्धाचार्यांना वेळ दिली आहेस, ती पाळ.” त्याप्रमाणे वेळेवर विधी झाला. लेहच्या विमानतळावर बसून तिने फोनवरून त्रिशरण-पंचशील ऐकले आणि मागून म्हटलेही. तिच्या शेजारी बसलेल्या एका लडाखी बाईनेही हात जोडले, असे तिने नंतर सांगितले. थोड्याच वेळात विमानात बसण्याची घोषणा झाली आणि फोन बंद झाला. रात्री साडेदहाला ती घरी पोहोचली. लग्न लागून गेले होते. भावाने तिला पाहिले आणि इतका वेळ धीराने वावरलेला तो मुलगा सगळ्यांसमोर रडला. चुकलेला क्षण परत येत नाही, त्याचे दुःख राहणारच. पण त्या दुःखात कोणाबद्दल राग नव्हता.

जाणाऱ्यांसाठी आणि वाट पाहणाऱ्यांसाठी

ज्यांची माणसे हिवाळ्यात लेहला आहेत किंवा ज्यांना तिकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. घरचे कार्य, परीक्षा किंवा मुलाखत असेल तर निदान चार-पाच दिवस आधी निघावे; दोन दिवस पुरत नाहीत. लेहहून शक्यतो सकाळचे पहिले विमान घ्यावे. दिल्लीहून पुढचे विमान लगेचचे न घेता रात्रीचे किंवा दुसऱ्या दिवशीचे घ्यावे आणि जमल्यास दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढावेत. हवामानामुळे विमान रद्द झाले तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या विमानात जागा, ही निवड प्रवाशाची असते; ती ठामपणे मागावी. रोजची औषधे आठवडाभर जास्तीची ठेवावीत. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, विरळ हवेची शरीराला सवय होऊ द्यावी.

आणि घरी बसून वाट पाहणाऱ्यांनी दहादा फोन करू नये. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते आणि माणसाचा धीरही. एकदाच विचारावे, “जेवलीस का?” बाकी वैमानिकावर सोपवावे. डोंगर दिसत नसताना तो विमान उतरवत नाही, तो आपल्याच माणसाचा जीव सांभाळत असतो. रद्द झालेल्या विमानाकडे या नजरेने पाहायला आम्ही आता शिकलो आहोत.

जयभीम! जुले!