पहिली की दुसरी

पहिली पाळी सुटली की आमची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात हमखास अडकते. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे कांद्याचा टेम्पो. आता कुणी चिडतही नाही. अर्धी बस पेंगते, उरलेली मोबाइल बघते.

जानेवारी २०२३ मधल्या अशाच एका दुपारी शेजारचे पंडितजी मोबाइल मिटवून म्हणाले, ‘राहीसाहब गेले.’ मला वाटलं, नात्यातलं कुणी.

पंडितजी हे शॉपमधलं नाव. क्वालिटीत असतात, मूळचे श्रीनगरचे. नव्वदनंतर महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विस्थापित काश्मिरी मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या. त्यांतल्या एका जागेवर जम्मूच्या छावणीतून ते इकडे आले आणि इकडचेच झाले. निगडीत फ्लॅट, मुलगी मराठी शाळेत.

गेले ते रहमान राही. ज्ञानपीठ मिळवणारे पहिले काश्मिरी कवी, २००४ चे. आदल्या वर्षीचं, २००३ चं, आपल्या विंदांचं. यादीत दोघं एकाखाली एक बसलेले, आणि विंदांच्या नावावरून माझी नजर कधी एक ओळ खाली उतरली नव्हती.

मग उतरली. जन्म १९२५, श्रीनगरचा. १९४८ साली काही महिने बांधकाम खात्यात कारकुनी, मग वर्तमानपत्रात उपसंपादकी, फारसी आणि इंग्रजी अशी दोन एम.ए., पुढे विद्यापीठात शिकवणं. हे सगळं ठीकच. मी अडकलो दुसऱ्याच गोष्टीत. हा माणूस सुरुवातीला उर्दूत लिहीत होता. तिथेच राहिला असता तर वाचक पार लाहोर-हैदराबादपर्यंत होता. पण दीनानाथ नादिम वगैरे मंडळी काश्मिरीत मुक्तछंद आणत होती, त्या वाऱ्यात राही घरच्या भाषेकडे वळले. आणि घरची भाषा कशी? शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, काश्मिरी आपली चुलीपाशी. ज्यांच्यासाठी लिहायचं, त्यांतल्या कितीतरी जणांना ते वाचताच येणार नाही! माउलींची आळंदी आमच्या बसच्या वाटेपासून हाकेवर आहे, म्हणून असला निर्णय आपल्याला फार सोपा वाटतो.

पंडितजींनाही राही वाचता येत नाहीत. काश्मिरी लिहितात फारसी वळणाच्या लिपीत, आणि छावणीतल्या शाळेत हे शिकले नागरी. त्यांच्या वडिलांना मात्र येते. त्यामुळे आमचं वाचन असं चालतं: जम्मूत वडील पुस्तक उघडतात, फोन स्पीकरवर, पंडितजी हिंदीत सांगतात, मी मनात मराठी करतो. तीन गाळण्यांतून खाली काय उरतं देव जाणे. आवाज उरतो. म्हाताऱ्याचा खोकला उरतो. खोरं सोडून तीस वर्षं झालेला एक पंडित, खोऱ्यातच राहिलेल्या एका मुसलमान कवीची ओळ दोनदा वाचतो, दुसऱ्यांदा जरा हळू.

एकदा ‘शीन’वर गाडी अडली. शीन म्हणजे आकाशातून पडतो तो बर्फ. पण बर्फ म्हटलं की मला उसाच्या रसातला दिसतो. ‘हिम’ सुचवलं, तर पंडितजी म्हणाले, ‘नको, हे पुस्तकातलं झालं. शीन आजीपण म्हणायची.’ मोशीच्या अलीकडे इंद्रायणीच्या पुलावर रेंज गेली आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून चौकटीच्या वहीचा कागद काढला. मुलीने आजोबांकडून फोनवर पाच-सहा शब्द उतरवून घेतले होते, वळणदार मराठी अक्षरात. पहिल्याच शब्दापुढे प्रश्नचिन्ह: पापा, पहिली वेलांटी की दुसरी?

‘दुसरी असणार,’ मी म्हणालो.

पंडितजींनी खात्रीसाठी तिथूनच जम्मूला फोन लावला. पुढची दहा मिनिटं, टेम्पो हलेपर्यंत, ते वडिलांना वेलांटी म्हणजे काय हे काश्मिरीत समजावत होते.